नमुना सतरा

त्यांच्या नावावर सातबारा नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या गावात ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, गेली पस्तीसेक वर्षे त्यांच्या हातची फवारणी झाली आहे. आधी दांडा मारायचा पाठीवरचा पंप होता, मग पेट्रोलवरचा आला, आता चार्जिंगचा आहे. या कामाला दिवसाचा रोज ठरत नाही, पंपामागे पैसे मिळतात. सोळा लिटरचा पंप रिकामा झाला की हिशेबात एक रेघ. त्यामुळे मध्ये थांबणे परवडत नाही आणि वारा उलटा फिरला तरी तास अर्धवट सोडून बांधावर येता येत नाही.

"दिवसाले वीस पंप होतेत," ते म्हणाले. "घाई केली तं पंचवीस."

वीस पंप म्हणजे ३२० लिटर पाणी आणि त्यात मिसळलेले जे काही असेल ते, एका माणसाच्या पाठीवरून एका दिवसात जाते. "पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली की औषध झाडावर कमी आन् अंगावर जास्त येते जी."

गावात त्याला औषधच म्हणतात. कृषी केंद्रातून औषध आणायचे, औषध मारायचे, औषध उतरले की नाही ते दुसऱ्या दिवशी अळी पाहून ठरवायचे. विष हा शब्द फक्त कोणी ते प्यायले तर येतो. त्यांना मी विचारले, आजवर कोणकोणती औषधे मारलीत? नावे फारशी आठवेनात. आठवले ते रंग, झाकणे, वास. ते पांढरे दुधासारखे, ते कुजक्या लसणाच्या वासाचे, ते लाल तिकोनाचे. दोन-तीन डब्यांतले एकत्र करायचे, वर टॉनिक टाकायचे, हे तर नेहमीचेच. डब्यावरचा तिकोन लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे ते औषध किती मात्रेत जीव घेते यावरून ठरते. आज अंगावर पडलेले वीस वर्षांनी काय करील, याबद्दल तो तिकोन काहीच सांगत नाही. हिरवा तिकोन पाहून निर्धास्त झालेले कितीतरी शेतकरी मला भेटले आहेत.

त्यांचे एक जोडीदार होते. दोघे मिळून फवारणीचा ठेका घेत. मानेला आणि काखेत गाठी आल्या, तालुक्याला दाखवले, मग नागपूर. निदान लिम्फोमाचे, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचे. दीड वर्षात ते गेले. घरच्यांनी सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहेत. ते मी एकेक करून वाचले. तंबाखू? होय. खर्रा? होय. दारू? कधी कधी. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द: मजुरी.

"खर्रा किती खातो, हे समद्यायनं इचारलं," मागे राहिलेले जोडीदार मला म्हणाले. "फवारतो काय, हे कोणंच नाई इचारलं."

हा आजार फवारणीनेच झाला, असे मी म्हणू शकत नाही. कोणताही प्रामाणिक डॉक्टर एका रोग्याबद्दल तसे म्हणणार नाही. विदर्भात तोंडाच्या कॅन्सरमागे तंबाखू आणि खर्रा आहे, हे सूर्यप्रकाशाइतके स्वच्छ आहे, आणि कीटकनाशकाकडे बोट दाखवून खर्ऱ्याला सोडून देणे हा मोठा अपराध ठरेल. शिवाय दोन्ही गोष्टी एकाच हातात असतात. पन्नीत खर्रा घोटणारी बोटे तासाभरापूर्वी औषधाच्या डब्याचे बूच उघडत होती. पण प्रश्नच विचारला नाही तर उत्तर होय येते की नाही, हे कळणार कसे?

हा प्रश्न नवा नाही. इटलीतल्या मोदेना इथल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्य रोग्याला जे प्रश्न परंपरेने विचारत आले त्यांत त्याने आपला एक जोडला: तुम्ही काम काय करता? पुढे १७७५ मध्ये लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर होतो, हे दाखवून दिले. लहानपणापासून अंगाला चिकटलेली काजळी आणि मोठेपणी उद्भवलेला कॅन्सर, यांचा धागा त्यांना काम विचारल्यामुळेच सापडला. कामाचा आणि कॅन्सरचा संबंध तिथपासून वैद्यकाला ठाऊक आहे.

पंपाच्या फवाऱ्याला काजळीचे हे उदाहरण नेमके लागू पडते, कारण हे विष मुख्यतः कातडीतून शिरते. लोकांना वाटते नाकावर दुपट्टा बांधला की भागले. १९७१ मध्ये हॉवर्ड मायबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर पॅराथिऑन हे कीटकनाशक लावून ते किती शोषले जाते हे मोजले. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातातून साधारण ९ टक्के आत गेले. डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळातून ३६, काखेतून ६४ टक्के. अंडकोषाच्या कातडीवर लावलेले जवळजवळ सगळेच्या सगळे आत गेले. आता पाठीवरचा गळका पंप डोळ्यांसमोर आणा. झाकणातून निसटलेले पाणी पाठीवरून कमरेला येते, कमरेवरून खाली उतरते, आणि भिजलेली चड्डी संध्याकाळपर्यंत अंगावरच असते. दुपट्टा नाकावर असतो आणि विष शिरते भलत्याच वाटेने.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ विसरलेले नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणी करणारी माणसे एकामागून एक दवाखान्यात येऊ लागली. डोळ्यांपुढे अंधारी, ओकाऱ्या, घाम, तोंडाला फेस. त्या वर्षी पऱ्हाटी अवाच्या सवा वाढली होती, बोंडअळीने धीर सुटला होता, जास्त दाबाचे नवे पंप आले होते आणि औषधांची मिसळण कोणाच्या हिशेबात राहिली नव्हती. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात ८०० च्या वर माणसे दाखल झाली, वीसेक दगावली. सरकारने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली, देशभरातून पत्रकार आले.

मी त्या वेळच्या बातम्या आज परत वाचते तेव्हा एक गोष्ट टोचते. वाचलेल्या शेकडो माणसांना घरी सोडले आणि तिथे त्यांची गोष्ट संपली. इतक्या जबर मात्रेला सामोरे गेलेल्या माणसांची यादी सरकारच्या हातात आयती आली होती. दर वर्षी त्यांना बोलावून तपासता आले असते. कॅन्सर व्हायला दहा, वीस, तीस वर्षे लागतात. २०१७ च्या त्या माणसांचा तो काळ अजून समोर आहे.

ज्यांचा तो काळ भरत आला आहे, अशी माणसे वेगळी. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणाही शेतमजुराला विचारा, बीएचसीची भुकटी आठवते का? विरळ कापडाच्या पिशवीत ती भरायची आणि झाडावर झटकत जायचे. धुरळणी म्हणत तिला. संध्याकाळी भुवया पांढऱ्या झालेल्या असत. भारताने बीएचसी १९९७ मध्ये बंद केली. तिच्यातला किडे मारणारा मुख्य अंश म्हणजे लिंडेन, आणि त्यावर २०१३ मध्ये बंदी आली. त्यानंतर दोन वर्षांनी, जून २०१५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्योंमधल्या कॅन्सर संशोधन संस्थेने लिंडेनला पहिल्या गटात टाकले, म्हणजे माणसात कॅन्सर घडवते हे सिद्ध झालेल्यांच्या गटात. पुरावा होता तो नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा.

त्याच संस्थेने मार्च २०१५ मध्ये मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना 'बहुधा कॅन्सरकारक' ठरवले. ग्लायफोसेटवरून मग जगभर रान पेटले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत उलट आहे. ते कॅन्सर घडवण्याची शक्यता नाही, असे ती म्हणते. या भांडणात एक साधी गोष्ट दडलेली आहे. एखादे द्रव्य कॅन्सर घडवू शकते का, हा ल्योंचा प्रश्न. अमुक मात्रेत, लेबलवरच्या सूचना पाळून वापरले तर धोका किती, हा नियंत्रकांचा प्रश्न. लेबलवर हातमोजे, चष्मा, बूट, अंगभर कपडे असतात. मी ज्या माणसापुढे बसले होते त्यांच्या अंगात बनियन होते. कोणाच्या अंगावरचा डोस धरून हा हिशेब मांडला जातो?

ल्योंच्या संस्थेचा याहून जुना निष्कर्ष मला आपल्यासाठी जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात एकेका डब्याचे नाव काढावेच लागत नाही. आर्सेनिक नसलेली कीटकनाशके फवारण्याचे कामच बहुधा कॅन्सरकारक आहे, असे तिने १९९१ मध्ये म्हटले होते.

फवारणाऱ्या माणसांचा सर्वांत मोठा लांब पल्ल्याचा अभ्यास अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ मध्ये सुरू झाला. तिथे काही कीटकनाशके मारायला परवाना लागतो. परवान्यासाठी माणूस आला की त्याच्या हातात प्रश्नावली दिली: कोणते औषध, किती वर्षे, वर्षातून किती दिवस, हातमोजे घालता का? फवारणारे आणि त्यांचे पती-पत्नी मिळून जवळपास ८९ हजार माणसे त्यात आली, आणि आजही त्यांचा मागोवा घेतला जातो. उत्तरे सरळ मिळाली नाहीत. एकूण कॅन्सर या शेतकऱ्यांत इतरांहून कमी निघाला, कारण ते विड्या-सिगारेटी कमी ओढतात आणि अंगमेहनत करतात. मात्र प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त निघाला, आणि काही ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांचा त्याच्या आक्रमक प्रकाराशी संबंध दिसला. ऑर्गॅनोफॉस्फेट हाताळणाऱ्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण वाढलेले दिसले. ग्लायफोसेट आणि लिम्फोमा यांचा संबंध मात्र २०१८ च्या निष्कर्षांत दिसला नाही. मला या अभ्यासाचा आदर वाटतो तो या प्रामाणिक गुंतागुंतीमुळे. पण तिथले बहुतेक शेतकरी ट्रॅक्टरवर बसून फवारतात. त्यांचा दिलासा पाठीवर पंप घेऊन ओल्या पऱ्हाटीत शिरणाऱ्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

फ्रान्सने पुढचे पाऊल टाकले. शेतीत कीटकनाशकांशी दीर्घकाळ संबंध आलेल्या माणसाला लिम्फोमा झाला तर तो कामामुळे जडलेला आजार मानायचा, असे तिथे २०१५ मध्ये ठरले. प्रोस्टेट कॅन्सरचा समावेश डिसेंबर २०२१ मध्ये झाला. त्यामागे मार्टिनिक आणि ग्वादलूप या बेटांवरच्या केळीच्या बागांतल्या मजुरांचा लांब लढा आहे. तिथे सोंडकिड्यासाठी क्लोरडेकोन नावाचे औषध १९७२ पासून १९९३ पर्यंत वापरले गेले. ते मातीत मुरले, पाण्यात उतरले, आणि आज बेटांवरच्या दहांतल्या नऊ माणसांच्या रक्तात सापडते. तिथला मजूर आता दाखला दाखवून भरपाई मागू शकतो. मजुरी करूनच मी आजारी पडलो, हे म्हणायला तिथे कायद्याची जागा आहे.

आपल्याकडे भीती आधी पोचली, मोजणी मागाहून. पंजाबात भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोकांनी 'कॅन्सर ट्रेन' नाव दिले, कारण माळव्यातल्या कापूसपट्ट्यातले रोगी स्वस्त उपचारांसाठी तिने राजस्थानात जात. चंदीगडच्या पीजीआय संस्थेने कापसाच्या तलवंडी साबो तालुक्याची तुलना चमकौर साहिबशी केली, तेव्हा लाखामागे १०३ आणि ७१ असे कॅन्सरचे रोगी निघाले. फरक होता. पण एकटे कीटकनाशक दोषी धरता आले नाही, पाण्यातले जड धातू, तंबाखू, दारू, सगळेच त्यात गुंतलेले निघाले. गाडीचे नाव देशभर झाले. त्या डब्यातला कोण फवारणारा होता आणि कोण दुकानदार, हे वेगळे काढता आले नाही.

महाराष्ट्रात हे जमणार नाही, असे कोणी म्हटले की मला बार्शी आठवते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलच्या साह्याने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. शहरातली नोंदणी दवाखान्यांत बसून होते. खेड्यातला रोगी दवाखान्यात येतोच असे नाही, म्हणून बार्शीची माणसे गावोगाव फिरली, पारावर बसली, कोणाला गाठ आहे, कोणाच्या अंगावरून जाते, कोणाला गिळता येत नाही, हे विचारत गेली. याच हॉस्पिटलने पुढे टाटा आणि ल्योंच्या त्याच संस्थेसोबत धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास केला. आठ वर्षे मागोवा घेतला. एचपीव्हीच्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळले. ज्वारीच्या रानातल्या बायकांनी दिलेला पुरावा जगभरच्या डॉक्टरांनी मानला.

या भागातले कॅन्सरचे दर देशात सर्वांत कमी आहेत, हेही सांगायला हवे. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात उस्मानाबाद-बीडच्या पुरुषांत ते लाखामागे ३९.५ होते, आणि मिझोरामच्या ऐझॉलमध्ये २६९.४. काहींना हा आकडा पुरेसा वाटेल. पण तो साऱ्या पुरुषांचा आहे. शिक्षक, किराणावाला, वाहनचालक, बागायतदार आणि पाठीवर पंप घेणारा, सगळे त्यात एकत्र मोडतात. हजारात पंधरावीस फवारणारे असले, आणि त्यांचा धोका दुप्पट झालेला असला, तरी सरासरीच्या अंगावर काटासुद्धा येणार नाही.

फवारणाऱ्याला वेगळा काढून पाहायची तरतूद आपल्याकडे मुळातच नसावी, असे मी बरेच दिवस धरून चालले होते. ती आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेले धान्य खाऊन शंभरावर माणसे मेली, त्यानंतर कीटकनाशक अधिनियम १९६८ आला आणि त्याखाली १९७१ चे नियम. त्यातला ३७ वा नियम वाचताना मी दोनदा थांबले. फवारणीच्या कामाला लावलेल्या माणसाची कामाआधी आणि नंतर दर वर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी. ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट औषध असेल तर रक्तातले कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजावे. आणि हे सगळे एका ठरलेल्या नमुन्यात लिहून ठेवावे. नमुना सतरा. त्या नमुन्यात नाव, वय, पत्ता आहे. धूम्रपान, दारू, इतर व्यसन आहे. आणि तिथेच, त्याच पानावर, याआधी कोणत्या कीटकनाशकाशी संबंध आला, किती वर्षे किंवा किती हंगाम, असा रकाना आहे.

रामाझ्झिनीचा प्रश्न आपल्या कायद्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ छापलेला आहे.

या गावात तो नमुना कोणी पाहिलेला नाही. तलाठ्याला विचारले, कृषी सहायकाला विचारले, कृषी केंद्रवाल्याला विचारले. कृषी केंद्राच्या बिलावर औषधाचे नाव असते आणि शेतकऱ्याचे नाव असते. ते अंगावर घेणाऱ्याचे नाव नसते. नियमाची भाषा नोकरीवर ठेवलेल्या कामगाराची आहे, आणि पंपामागे पैसे घेणाऱ्या माणसाचा नोकरीदाता कोण, हे रोज बदलते. जमिनीचे मात्र तसे नाही. सातबारा गाव नमुना सात आणि बारा मिळून होतो, आणि त्यातल्या बाराव्यात कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे हे दर हंगामाला नोंदले जाते. २०२१ पासून तर ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतो. त्या फोटोत पऱ्हाटी दिसते.

मध्यंतरी आणखी एक बदल झाला आहे. निंदणाला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर रोज परवडत नाही, म्हणून तणनाशक आले. तणनाशक सहन करणारे कपाशीचे विनापरवाना बियाणे आले आणि उभ्या पऱ्हाटीत ग्लायफोसेट मारता येऊ लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांनीच वापरावे, अशी अधिसूचना काढली. खेड्यात असा व्यावसायिक कुठून यायचा? पाठीवरचा पंप तोच आहे आणि माणूसही तोच.

दुसऱ्या खेपेला जाताना मी नमुना सतराचे रकाने वहीच्या पानावर आखून नेले. त्याला कायद्याची काही किंमत नाही, हे त्यांना सांगितले. "लिहा तं," ते म्हणाले.

वर्षे इसवी सनात आठवत नव्हती. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आधी भुकटी होती. बीटी कपाशी आली तेव्हा वाटले आता फवारणी सुटली, दोन-तीन वर्षे खरेच कमी झाली, मग तुडतुडे आणि पांढरी माशी वाढली आणि पहिल्यापेक्षा जास्त फवारे सुरू झाले. बोंडअळीच्या साली डोळे सुजून आठ दिवस घरी. चक्कर किती वेळा आली ते मोजलेले नाही. हळूहळू रकाने भरत गेले. जिथे ते अडत तिथे चुलीपाशी बसलेल्या वहिनी सांगत, "ते नाई, ते पाटलाच्या वावरात होतं. हे त्याच्या नंतरचं."

"तुम्हाला सगळं आठवतं," मी म्हणाले.

"आठवन नाई तं काय. पानी मीच तं आनो नाल्यावरून. औषध बी मीच घोळो ड्रमात."

"कशानं?"

त्यांनी कोपरापर्यंतचा हात दाखवला. काडी सापडली तर काडीने, नाही तर हाताने. संध्याकाळी त्यांचे कपडे धुवायचे, तेही हातानेच. मी विचारले, मग तुमचेही नाव लिहू का? त्या हसल्या. "मी कुठी फवारलं जी?"

त्या पानावर दोन माणसे मावत नव्हती. मी पान उलटले, पट्टीने नवे रकाने आखले आणि त्यांचे नाव लिहिले. वय त्यांनी अंदाजे सांगितले. किती वर्षे किंवा किती हंगाम, या रकान्यापाशी आलो तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग बोटांवर मोजू लागल्या.

"लगन होऊन आली त्याच साली. भुकटीची पुरचुंडी मीच बांधून देओ." मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "मोठी पोट्टी पोटात होती तवा बी."